अर्धा किलो माती घेऊन विहिणीकडे

मांडीवर मातीची पिशवी घेऊन एस.टी.त बसलेली म्हातारी तुम्ही कधी पाहिली नसेल. ह्या जानेवारीत कोडोली-कोल्हापूर गाडीत ज्यांनी पाहिली ते मात्र मला विसरणार नाहीत. कारण कंडक्टरनं पिशवीला बोट लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, काय हाय ह्यात? पीठ?"

"माती हाय," मी म्हटलं.

"का, कोल्हापुरात माती मिळंना झाली काय?"

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली. हसण्यासारखं त्या दिवशी काही नव्हतं.

आता जाऊन आले, सगळं निभावलं, म्हणून निवांत बसून लिहिते आहे. ज्यांच्या घरी शेत आहे पण ज्यांनी माती कधी तपासायला नेली नाही, त्यांनी हे नक्की वाचावं. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी आमच्या विहीणबाईंसाठी वाचावं. तशी बाई दुसरी नाही.

आधी घरचं सांगते, नाहीतर माती कशाला नेली ते कळायचं नाही. आमचं कोडोली पन्हाळा तालुक्यातलं मोठं गाव, चारी बाजूंनी ऊस. आमचा तीस गुंठ्यांचा एक तुकडा आहे, त्याला घरात गाळाचा तुकडा म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं नुसता मुरूम होता. आमच्या मालकांनी आणि मी दोन उन्हाळे तळ्यातला गाळ बैलगाडीनं आणून तिथं पसरला. ते भरायचे, हाकायचे. मी पाटीनं ओतायचे, फावड्यानं सारखा करायचे. मालक जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्या गाळावर ऊस मात्र माणूस दिसणार नाही एवढा वाढायचा.

दोन वर्षं झाली, तो ऊस पिवळा पडायला लागला. आमचा मुलगा महादेव म्हणाला, "आई, माती तपासून घेऊ. मी तोडणीच्या माणसांमागं पळालोय, तू अर्धा किलो माती तेवढी काढून ठेव." मी काढून ठेवली, त्यानं नेऊन दिली. काही दिवसांनी कागद आला. क्षार जादा, चुनखडी जादा, आणि सामू म्हणून एक आकडा असतो तो नवाच्या घरात, म्हणजे माती खारट झालेली. महादेवनं कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

गावाबाहेर एक वीटभट्टीवाला आहे. तो आमच्या त्या तुकड्यावर केव्हापासून डोळा ठेवून होता. महादेव दर वेळी त्याला हात जोडून परत पाठवायचा. कागद आल्यावर मात्र त्यानं होकार दिला. वरची दोन फूट माती भट्टीवाल्यानं उचलायची, खाली मुरूम लागला की तिथं आम्ही कोंबड्यांची शेड मारायची. आठवडाभरात ऊस तुटणार आणि पुढच्या सोमवारी जेसीबी येणार.

"अरे, तुझ्या आबांनी आणलेली माती हाय ती," मी म्हटलं.

"आई, आबांनी आणली ती माती आता ऱ्हायली न्हाय. मिठाची झालीय. मी काय खुशीनं देतोय?"

तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो दमून बोलला. मग मी काय करणार? दुसऱ्या दिवशी त्याच जागची आणखी अर्धा किलो माती काढली, नवी पिशवी शिवली, महादेवकडून कागद मागून घेतला आणि सांगितलं, "मी कोल्हापूरला जातो, परत तपासून घेतो. आन तिथनं दोन दिस विहिणीकडं जातो." आमच्याकडच्या बायका जातो-येतो असंच बोलतात, बाहेरच्या माणसांना त्याचं नवल वाटतं.

सोमवार, कोल्हापूर

प्रयोगशाळा म्हटल्यावर मला वाटलं होतं दवाखान्यासारखं असेल, फिनेलचा वास येईल. आत गेले तर स्वयंपाकघरच! एका खोलीत परातींमधून माती वाळत ठेवलेली, प्रत्येक परातीत नंबराची चिठ्ठी. एक बाई लाकडी बत्त्यानं ढेकळं फोडत होती, दुसरी चाळत होती. पलीकडे काचेच्या चंबूंत मातीचं पाणी घालून यंत्र ते हलवत होतं, ताक घुसळल्यासारखं. मी अर्धा तास नुसतं बघत बसले. लाल, काळी, करडी, पिवळसर. आपल्या जिल्ह्यात मातीच्या एवढ्या तऱ्हा आहेत हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

तिथल्या मॅडम माझ्या सुनेपेक्षाही लहान. त्यांनी जुना कागद पाहिला आणि विचारायला लागल्या.

"आजी, नमुना कोणी काढला होता?"

"मीच की."

"उकिरड्याजवळचा?"

"न्हाय."

"झाडाखालचा? बांधावरचा? विहिरीजवळचा?"

"न्हाय, न्हाय, न्हाय."

"खताच्या रिकाम्या पोत्यात भरला होता का?"

"नव्या कापडाची पिशवी होती बाई, धुऊन घेतलेली."

"खत टाकल्यावर लगेच काढला?"

"छे!"

"एकाच जागचा, की आठ-दहा ठिकाणचा मिळून?"

इथं मी जरा ताठ बसले. "एकाच जागचा. चांगली, स्वच्छ जागा बघून काढलाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, यंत्र काही तुमच्या रानात येत नाही. तुम्ही आणता तेवढंच त्याला दिसतं. अर्ध्या किलोवरून ते सगळ्या रानाचं सांगतं. मग त्या अर्ध्या किलोत सगळं रान यायला नको?"

मी नवी पिशवी पुढं केली. ही माती कुठली, त्यांनी विचारलं. तिथलीच, मी म्हटलं. तर त्यांनी ती घेतलीच नाही. "घेतली तर तेच आकडे येतील आणि तुमचा हेलपाटा वाया जाईल. ऊस तुटला की सगळ्या रानातून फिरून नमुना काढा. मी स्वतः लक्ष घालून लवकर करून देते." आणि एक छापील कागद दिला, त्यावर शेताचं चित्र आणि त्यात नागमोडी रेघ.

खरं सांगते, मला राग आला. सरकारी दारात एवढ्या लांबून जावं आणि पिशवी परत घेऊन यावं! गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्याले. तिथं म्हशी रस्त्यात उभ्या असतात, तुमच्यासमोर पिळून फेसासकट ग्लास हातात देतात. बाहेरून येणारे लोक दुधावर आधी फुंकर मारतात, मग धीर करून पितात. फेस मिशीला लागला तरी पुसू नये, असं आमचे मालक म्हणायचे. ग्लास संपेपर्यंत माझा राग निवला. पोरगी खोटं बोलली असती, पिशवी ठेवून घेतली असती, तर मला कळलंही नसतं.

मातीची पिशवी परत मांडीवर घेतली आणि राधानगरीच्या गाडीत बसले.

सोमवार संध्याकाळ, राधानगरीच्या अलीकडे

आमच्या सुनेचं, वैशालीचं माहेर राधानगरीच्या अलीकडे फाट्यावरून आत आहे. भोगावती नदी डाव्या-उजव्या हाताला लपाछपी खेळत येते, गुऱ्हाळांचा वास येतो, मग हळूहळू ऊस कमी होतो आणि डोंगर जवळ येतात. माती तर अशी लाल की रस्त्यावरची म्हसरंसुद्धा गुडघ्यापर्यंत लाल. आमच्याकडं घरांना स्लॅब. इथं सगळी उतरती छपरं, आणि प्रत्येक दारात पावसाळ्यासाठी लाकडाची रास आत्तापासून रचलेली.

विहीणबाईंचं नाव हौसाबाई. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आवाज माझ्या दुप्पट. मला दारात बघून म्हणाल्या, "या या, विहीणबाई! एकट्याच? घरात सगळं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. जरा रुसून आलो."

"म्हंजे?" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "सून रुसून म्हायेरला येती हे ऐकलंय. सासूनं सुनंच्या म्हायेरला रुसून यायचं, ही कुठली रीत काढलीसा?"

हसत हसत त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "एवढं आणायचं कशाला?" म्हणत आत गेल्या. मी पाय धूत होते, म्हणून बोलायला उशीर झाला. आतून डबा उघडल्याचा आवाज आला आणि मग हाक, "विहीणबाई, ह्ये कसलं पीठ वो? नाचणीचं म्हणावं तर वास येईना!"

मी धावले. अर्धी मूठ माती डब्यात पडलीच होती.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, हुलग्याचं माडगं, लसणीची चटणी आणि वर घट्ट साय. आमच्या शाळूच्या भाकरीला दात लावावा लागतो. ही तांदळाची म्हणजे रुमालासारखी घडी घाला. जेवता जेवता मी सगळं सांगितलं. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "झोपा आता. सकाळी रानात जाऊ. माती कशी काढायची ते मी दावतो. माझं त्यात हात बसल्यात."

मंगळवार, लाल रानात

हौसाबाईंचं भातरान डोंगराच्या अंगावर पायऱ्या-पायऱ्यांचं. भात निघून गेलेलं, नुसते बुडखे राहिलेले. चढताना माझी एक चप्पल ओढ्याच्या चिखलात रुतली ती वर येईचना. दोघींनी ओढली तर पट्टा हातात आला आणि चप्पल तिथंच राहिली. पुढचा सगळा दिवस मी अनवाणी. सांगते, पायाला कळतं ते डोळ्याला कळत नाही. वरच्या वाफ्यात माती कोरडी, खरखरीत. दोन पायऱ्या खाली तीच माती गार आणि लोण्यासारखी. एवढ्याशा रानात एवढा फरक!

हौसाबाईंनी पदर खोचला, खुरपं आणि घमेलं घेतलं. एका कोपऱ्यातून निघाल्या त्या नागमोडी, मॅडमच्या चित्रातल्यासारख्या. दर काही पावलांवर थांबायचं. वरचा काडीकचरा बाजूला करायचा. वीतभर खोल, खाली निमुळता असा खड्डा घ्यायचा. त्याच्या कडेची माती वरपासून बुडापर्यंत सारखी खरवडायची आणि घमेल्यात टाकायची.

"पयल्यांदा तपासलं तवा यंत्र म्हणालं, तुमची माती आंबट हाय," त्या खरवडता खरवडता सांगत होत्या. "चुना टाका म्हणालं. मी म्हटलं, बघू तरी. एका वाफ्यात टाकला, शेजारच्यात न्हाय टाकला."

"मग?"

"मग काय, चुन्याच्या वाफ्यात लोंब्या अशा वाकल्या की दुसऱ्या वर्षी आमच्या ह्यांनी न सांगता सगळीकडं टाकला. त्यातलं निम्मं गव्यानं खाल्लं ती गोष्ट येगळी. गव्याला बी कळतं की, चांगलं कुठलं!"

"म्हणजे कागदात असतं ते सगळं खरं?"

"खरं असतंय, पण कागदाला आमचा पाऊस ठाऊक न्हाय. त्यात लिवलंय, लावणीला एवढं खत टाका. आमच्यात दुपारी टाकलं की सांजच्याला नदीत. मग मी त्येच खत तीनदा वाटून देतो. कागदानं काय द्यायचं ते सांगावं, कवा द्यायचं ते आमी बघतो."

आठ-दहा खड्डे झाल्यावर त्यांनी घमेल्यातली माती एका गोणपाटावर ओतली, हातानं मिसळली आणि भाकरीचे चतकोर करावेत तसे चार भाग केले. समोरासमोरचे दोन ठेवले, दोन रानाला परत. उरलेल्याचे पुन्हा चार. असं करत अर्धा किलो उरलं. ते सावलीत वाळवायचं आणि मग पिशवीत.

हे सगळं बघताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. बांधाजवळ आलं की त्या लांबून वळत. फणसाखाली गेल्या नाहीत. गोठ्याच्या अंगाला गेल्या नाहीत. वर एका शेंदूर लावलेल्या दगडाजवळून तर चांगला दहा पावलांचा वळसा घातला.

"देवाला इटाळ नको म्हणून?" मी विचारलं.

"न्हाय वो. तिथं किती वर्षं राख पडतीय, नारळाचं पाणी पडतंय. ती काय रानाची माती ऱ्हायली?" मग एकदम थांबून माझ्याकडं बघितलं. "विहीणबाई, तुमी कुठली काढलीसा?"

मला एकदम आमचा म्हसोबा आठवला.

आमच्या तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात म्हसोबाचा दगड आहे. मी माती काढायला गेले तेव्हा ऊस उभा होता, आत शिरायला वाट नव्हती. शिवाय रानातून काही उचलायचं तर पहिली मूठ म्हसोबाच्या पायाची घ्यायची ही आमच्या घरातली रीत. तिथली जागा कशी? मी स्वतः झाडलेली, एक काडी नाही. शहरात मॅडमलोकांसमोर जाणार, तर माती नीटनेटकी दिसावी, असं मला वाटलं. म्हणून पहिली मूठ तिथली घेतली, आणि दुसरी, तिसरी, सगळा अर्धा किलो तिथलाच.

हे मी हौसाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. आन त्या दगडाला काय काय करतासा?"

"दर वर्षी चुना लावतो. धूप-राख तिथंच. नारळ फोडतो."

"आणि?"

आणि हे सांगताना माझा आवाज बारीक झाला. अंगावर चामखीळ आली की आमच्या गावातली माणसं त्या म्हसोबाला मूठभर खडेमीठ वाहून जातात. मीठ विरघळलं की चामखीळ जाते म्हणे. माझी सासू सांगायची, तिच्या सासूच्या वेळेपासून हे चालू आहे.

हौसाबाईंच्या खांद्यातून हसू सुरू झालं ते पोटात उतरलं, आणि त्या बुडख्यांवर बसल्याच. "अवो, रानाची न्हाय, देवाची माती तपासून आणलीसा! साऱ्या कोडोलीच्या चामखिळी त्या कागदावर आल्यात!"

मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मग ते पाणी थांबेना. कारण आता दुसरंच दिसायला लागलं होतं. ज्या हातांनी गाळ पसरला त्याच हातांनी मी तो भट्टीत पाठवत होते. मॅडमनी सगळं विचारलं होतं, उकिरडा, बांध, झाड, विहीर. देवाचं त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही.

"रडू नकासा," हौसाबाई उठल्या. "घरला चला, एक दावतो."

घरी त्यांनी मला मागच्या भिंतीपाशी नेलं. खालच्या विटांवर पांढरी भुकटी आली होती, बोट लावलं की गळत होती. "ही भिंत बांधली तवा सस्तात इटा मिळाल्या म्हणून घेतल्या. खारट मातीच्या निघाल्या. हितं गिलावा टिकंना झालाय. आता मला सांगा, भट्टीवाला येडा हाय व्हय? तुमच्या रानात मीठ असतं तर त्यो मागं लागला असता?"

ही गोष्ट माझ्या काय, महादेवच्याही डोक्यात आली नव्हती. कागद समोर आला की माणूस दुसरीकडं बघायचंच सोडून देतो.

"तुमी उद्या माझ्यासंगं चला," मी म्हटलं. "त्यो माझं ऐकणार न्हाय. सासूचं ऐकंल."

"छ्या! जावयाच्या घरात जाऊन तोंड घालायचं? आमच्यात रीत न्हाय."

"मी बोलवालोय की. घर माझं बी हाय."

खूप वेळ नको-नको चाललं. शेवटी तयार झाल्या, पण एका अटीवर. "मी फक्त मातीवर बोलणार. दुसरा शब्द काढणार न्हाय."

बुधवार, परत कोडोली

मी हौसाबाईंच्या सुनेच्या चपला घालून परत आले, एक माप मोठ्या. प्रवासात काही घडलं नाही, आणि घडलं असतं तरी मला कळलं नसतं, इतकी मी मनात बोलत होते.

घरी महादेव सासूला बघून गडबडला. पाया पडला, खुर्ची दिली, वैशाली तर आईच्या गळ्यातच पडली. चहा झाला. हौसाबाईंनी बशी खाली ठेवली आणि छताकडं बघत जावयाला म्हणाल्या, "पावणं, एक इचारू का? रागावणार न्हाय न्हवं?"

"विचारा की, मामी."

"त्या भट्टीवाल्याला तुमी सांगितलंसा काय, माती खारट हाय म्हणून?"

"न्हाय. कशाला सांगू? घेतोय तर घेऊ दे की."

"मग आता फोन लावून सांगा. पुन्हा इटा पांढऱ्या पडल्या की तुमच्या नावानं बोंब नको."

सासूला नाही म्हणता येईना. महादेवनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठा केला. म्हणाला, "दादा, आमच्या रानाचा कागद आलाय. क्षार जादा दिसाल्यात. चालंल न्हवं?"

पलीकडून भट्टीवाला हसला. "कोण म्हणतंय क्षार? अरे, माझा माणूस दोनदा जिभेवर ठेवून बघून गेलाय. गाळाची गोडी माती हाय ती. खारट असती तर मी फुकट बी उचलली नसती. तू सोमवारचं बघ."

महादेवनं फोन बंद केला. हौसाबाई परत छताकडं बघत होत्या.

"मग कागद खोटा कसा?" तो शेवटी म्हणाला.

"कागद खोटा न्हाय," मी म्हटलं. "मी माती म्हसोबाच्या पायाची दिलती."

"आई!" त्यानं कपाळावर हात मारला. "त्या मिठाच्या कोपऱ्यातली?"

"तू म्हणालास, अर्धा किलो काढून ठेव. कुठनं ते म्हणालास काय?"

तो मला काहीतरी बोलणार होता, पण वैशाली आधीच तोंडाला पदर लावून हसत होती. मग तोही हसला. कितीतरी दिवसांनी त्याला असं हसताना पाहिलं.

संध्याकाळच्या आत आम्ही चौघं रानात. ऊस ह्या दोन दिवसांत तुटून गेलेला, गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पडलेलं. हौसाबाई पुढं खुरपं घेऊन, मागं घमेलं घेऊन जावई, हे दृश्य बघायला शेजारचे बांधावर गोळा झाले. एकानं विचारलं, "काय शोधालाय रं म्हादू? सोनं?" महादेव म्हणाला, "व्हय. सासूनं पुरलंतं." म्हसोबाच्या कोपऱ्याला आम्ही लांबून वळसा घातला, पण मी लांबूनच हात जोडले. त्याची काय चूक?

नमुना सावलीत वाळवून महादेवनं कोल्हापूरला नेऊन दिला आणि भट्टीवाल्याला नवा कागद येईपर्यंत थांबायला सांगितलं. तो फोनवर बराच वेळ कुरकुरला.

नंतरचं

नवा कागद आणायला मी आणि महादेव दोघं गेलो. सोमवार उलटून गेला होता आणि त्या सोमवारी जेसीबी आमच्या वाटेला आला नव्हता, तरी गाडीत मनात एकच होतं. समजा, खरंच खारट निघाली तर? भट्टीवाल्याच्या माणसाची जीभ आणि विहिणीची भिंत ह्यांच्यावर मी सगळं टाकलं होतं.

मॅडमनी कागद समोर ठेवला. क्षार ठीक. चुनखडी ठीक. सामू थोडा वर आहे, काळजीचं कारण नाही. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या एका आकड्याखाली रेघ मारत होत्या.

"हा मात्र वाईट आहे. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणाचा कस, अगदी कमी. जस्त आणि लोहही कमी, म्हणून ऊस पिवळा पडतो. पाचट जाळता का?"

महादेव खाली बघून म्हणाला, "दर वर्षी."

"जाळू नका. कुजवा. शेणखत द्या, मधे ताग-धैंचा पेरून हिरवाच जमिनीत गाडा. आजी, रान दमलंय तुमचं. मेलेलं नाही."

मी त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. म्हसोबाचं तिला सांगितलं तेव्हा तिनं हसता हसता तिच्या छापील कागदावर, उकिरडा-बांध-झाड ह्यांच्या खाली, पेनानं लिहून ठेवलं: देवाची जागा.

आता मला कोणी विचारलं, माती तपासून काही उपयोग होतो का, तर मी म्हणते, होतो. पण पिशवी भरताना सगळं रान पायाखाली घाला, आणि कागद आला की तो घेऊन पुन्हा रानात जा. घरात बसून वाचू नका. आम्ही घरात बसून वाचला आणि दोन फूट माती घालवायला निघालो होतो.

परत आल्यावर दुपारी महादेव रानात गेला, मीही गेले. आसपासच्या रानांत पाचट पेटलं होतं, धूर आमच्या अंगावर येत होता, राखेचे कपटे उडत होते. महादेव तुटलेल्या उसाच्या बुडख्यांच्या, खोडव्याच्या ओळींमधून पाचट सारखं करत होता, एकेक कवळी उचलून सरीत बसवत होता. तेवढ्यात बांधापलीकडून शेजारी ओरडला, "म्हादू, आमचं झालं. काडीपेटी देऊ काय?"

महादेवनं वरही बघितलं नाही. "नको आण्णा," म्हणाला, "आमचं जळायचं न्हाय."